वरळी, परळ आणि परतलेला आवाज

वरळीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांची खोली आणि बाहेर सामायिक व्हरांडा. गिरणी कामगारांच्या या वस्तीपासून मोठी रुग्णालयं कधीच लांब नव्हती. परळला १९२६मध्ये केईएम आलं, १९४१मध्ये टाटा कर्करोग रुग्णालय. साठच्या दशकात नायर रुग्णालयात वाचोपचाराचं शिक्षण सुरू झालं, १९८३मध्ये वांद्र्याला अली यावर जंग संस्था. तरी या शंभर वर्षांकडे पाहताना खटकतं ते असं, की जीव वाचवणं म्हणजे उपचार आणि बोलणं-गिळणं परत आणणं ही वरची जोड, असंच आपण धरून चाललो. कायदाही तसाच चालला. १९९५च्या कायद्यातल्या सात प्रकारांत वाचादोषाला वेगळी जागा नव्हती. ती २०१६मध्ये मिळाली, आणि तेव्हा व्याख्येत स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया व वाचाघात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा हरपणं, नावानिशी आले.

तंबाखू-विडीनं पोखरलेलं स्वरयंत्र काढलं की श्वास मानेवरच्या छिद्रातून चालतो. १९८०च्या सुमारास आलेली ब्लॉम-सिंगर झडप फुप्फुसातली हवा अन्ननलिकेत वळवते आणि घशाच्या भिंती कंप पावून आवाज देतात. पण झडप बसवली म्हणून माणूस बोलू लागत नाही. बोटानं छिद्र कधी दाबायचं, एका श्वासात किती शब्द घ्यायचे, झडप साफ कशी ठेवायची, हे वाचोपचारकच शिकवतो.

वाचोपचार गरजेचाच आहे म्हटलं, की दोन आक्षेप हमखास येतात. लकव्यानंतर बोलणं आपोआप सुधारतं, हा पहिला. सुरुवातीच्या महिन्यांत काही सुधारणा आपसूक होते, हे खरंच. पण ५७ चाचण्या तपासणाऱ्या २०१६च्या कॉक्रेन आढाव्यात वाचोपचार घेणाऱ्यांचा रोजचा संवाद न घेणाऱ्यांपेक्षा सुधारलेला दिसला. दुसरा आक्षेप चाळीचाच: दिवसभर माणसांचा राबता असताना बोलायला वेगळा शिक्षक कशाला? सोबत अनमोल आहे, मी ती कमी लेखणार नाही. पण वाचाघातात शब्द शोधायला वेळ लागतो आणि प्रेमाची माणसंच घाईनं वाक्य पुरं करून टाकतात. लकव्यानंतर गिळणंही बिघडू शकतं, आणि तिथे तर ही माया जिवावर बेतू शकते. आडवं निजवून तोंडात घातलेलं चमचाभर पाणी ठसकाही न लागता श्वासनलिकेत उतरू शकतं, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. ताठ बसवणं, घोट लहान ठेवणं, कुणाला पातळ चालतं नि कुणाला दाट लागतं हे तपासून ठरवणं, यासाठी जाणकार हवाच.

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ रहिवाशांना नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. खोलीच्या जागी आता ५०० चौरस फुटांचं घर आहे. अशा वस्तीत पालिकेच्या दवाखान्यानं वाचोपचारक नेमावा आणि लकव्याचा रुग्ण घरी परतला की त्याचं निदान एक जेवण त्या जाणकारानं घरी येऊन पाहावं. रुग्णाला कसं बसवतात, घास कोण भरवतं, त्याच्या उत्तरासाठी कोण किती थांबतं, हे ओपीडीच्या टेबलावरून दिसत नाही.