बाई, पोट दुखतंय!

शाळेत सर्वांत जास्त दुखणारा अवयव कोणता, असे विचारले तर कोणत्याही शिक्षिका क्षणाचाही विचार न करता सांगतील: पोट! गणिताच्या तासाला ते दुखते, गृहपाठ झाला नसला की दुखते, आणि सहामाहीच्या आदल्या दिवशी तर निम्म्या वर्गाचे दुखते. आपण हसतो, चिमूटभर ओवा खायला देतो आणि जागेवर बसायला सांगतो. बहुतेक वेळा आपले बरोबरही असते.

पण कधी कधी 'पोट' हे नुसते निमित्त असते. ज्या जागेचे नाव चारचौघांत घेता येत नाही ती दुखत असली, की मूल पोटावर हात ठेवते. ही सवय त्याला आपणच लावलेली असते. नाक, कान, गुडघा ही नावे आपण बाळाकडून कौतुकाने पाठ करून घेतो. कमरेखाली आलो की मात्र आपली भाषाच आटते. मग 'कावळा शिवला', 'अडचण आहे', 'खालच्या जागी' असल्या आडोशाच्या शब्दांवर सारे भागवायचे! शाळेतल्या परिचारिकेचे निम्मे कसब या आडोशामागचे दुखणे ओळखण्यात असते.

सहा तासांचा हिशेब

समजा, आठवीतला एक मुलगा दोन मित्रांच्या आधाराने वाकून चालत येतो. एकदा उलटीही झाली आहे. विचारले तर म्हणतो, "सिस्टर, पोट दुखतंय." जाणती सिस्टर आधी मित्रांना वर्गात पिटाळते, पडदा ओढते आणि त्याच्याशेजारी बसून अगदी सहज म्हणते, "पोट दुखतं म्हणणाऱ्या मुलांचं कधी कधी लघवीच्या जागेपाशीही दुखतं. तुझं तसं असलं तर नुसती मान हलव."

मुलगा मान हलवतो. एवढेच पुरते.

वयात येणाऱ्या मुलांमध्ये वृषणाला अचानक पीळ बसून त्याचा रक्तपुरवठा थांबू शकतो. दुखणे सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो बहुधा वाचतो; पुढे प्रत्येक तासागणिक आशा कमी होत जाते. शंका आली की सिस्टर तपासत बसत नाही. पालकांना कळवून मुलाला ताबडतोब रुग्णालयात पाठवते. लाजेपायी घरी जाईपर्यंत कळ सोसणाऱ्या मुलाचे मात्र कायमचे नुकसान होऊ शकते.

मुलींची तऱ्हा निराळी. शाळेचे स्वच्छतागृह नकोसे वाटते म्हणून कित्येक जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात आणि मग जळजळ, ताप यांनी हैराण होतात. कुणाला वर्गातच पहिल्यांदा न्हाण येते. अशा वेळी कपाटात एक जादा स्कर्ट, कागदी पिशवीत पॅड आणि वर्गात कारण न सांगता मुलीला बोलावून घेण्याची युक्ती, हीच खरी औषधे.

घरची रीत आणि देहाची गरज

या मुलीच्या घरी कदाचित तिला चार दिवस बाजूला बसवतील. सिस्टर आजीला नावे ठेवत नाही. आजीचा अपमान झाला तर मुलगी उद्या काही सांगायला येणारच नाही. रोज आंघोळ, वेळच्या वेळी बदललेले पॅड, धुतलेला कपडा असेल तर तो उन्हात वाळवणे आणि नेहमीचे पोटभर जेवण, एवढे ती पक्के सांगते. गळ्यातला ताईत किंवा कमरेचा करगोटा विचारल्याशिवाय काढत नाही. रमजानचा रोजा धरलेल्या मुलाला गोळी देण्यापूर्वी त्याला आणि त्याच्या घरी विचारते. जिवावरचे दुखणे असेल तर मात्र थांबत नाही.

ही दृष्टी जुनी आहे. १९०२ साली न्यूयॉर्कच्या शाळांत उवा, खरूज, खुपऱ्या असे काही दिसले की मुलांना सरळ घरी धाडत. लिलियन वॉल्ड यांनी लिना रॉजर्स या परिचारिकेला महिनाभर चार शाळांत पाठवले. तिने मुलांवर शाळेतच उपचार केले आणि परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांच्या घरी जाऊन आयांना स्वतः करून दाखवले. तिचा गुण दिसताच शहराने आणखी परिचारिका नेमल्या.

याच्या उलटही घडते. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. कुणाला पाळी आली हे शोधण्यासाठी मुलींचे कपडे उतरवून तपासणी केल्याचा आरोप झाला आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. अशा प्रसंगानंतर कोणती मुलगी आपले दुखणे शाळेत सांगेल?

गुप्ततेलाही एक मर्यादा आहे. "कुणालाच सांगणार नाही" असे वचन शहाणी परिचारिका देत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून ती म्हणते, "ज्यांना सांगायलाच हवं त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगून."

आपल्याकडे बहुतेक शाळांत परिचारिका नसतेच. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी वर्षातून एकदा तपासणीची योजना आहे, आणि पथकात एक पुरुष व एक स्त्री डॉक्टर असावेत अशी तरतूद आहे. उरलेले दिवस बाईंचे आणि गुरुजींचे. तेव्हा पालकसभेत गुणांबरोबर एवढेही विचारा: मुलाला एकांतात बोलायचे असेल तर शाळेत जागा कुठे आहे, आणि ऐकणारे माणूस कोण?

आणि आपल्या घरचे काय? नरकचतुर्दशीच्या पहाटे लेकरांना तेल-उटणे लावाल, तेव्हा नाक-कानांच्या नावांबरोबर राहिलेल्या अवयवांची नावेही सहज सांगून टाका. तिथे दुखले तर लाजायचे नाही, आणि आपल्याला नको असताना तिथे कुणी हात लावला तर आईला किंवा बाबांना लगेच सांगायचे, हेही सांगा. मग पुढच्या वेळी पोट दुखते म्हणेल, तेव्हा बहुधा पोटच दुखत असेल!