चिंतामणरावांच्या राजीनाम्याची दुसरी बाजू

स्वतंत्र भारताच्या पहिल्या चारही अर्थमंत्र्यांची कारकीर्द राजीनाम्याने संपली. षण्मुखम् चेट्टी १९४८ मध्ये गेले, जॉन मथाई १९५० मध्ये, चिंतामणराव देशमुख १९५६ मध्ये आणि टी. टी. कृष्णम्माचारी १९५८ मध्ये. यांपैकी महाराष्ट्राच्या स्मरणात एकच राजीनामा राहिला, आणि तोही अर्धाच. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून चिंतामणरावांनी मंत्रिपदावर पाणी सोडले, एवढेच आपण सांगत आलो. ते खरेच आहे. परंतु जुलै १९५६ मध्ये त्यांनी लोकसभेत केलेल्या निवेदनात दुसरा एक आक्षेप होता, व तो अधिक मूलगामी होता. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होताच पंतप्रधानांनी जाहीर केला, हा तो आक्षेप. नेहरूंना तो मान्य नव्हता.

असा आक्षेप घेणारा गृहस्थ मुळात राजकारणी नव्हता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. कुलाबा जिल्ह्यातील नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले देशमुख आय. सी. एस. होऊन सरकारी सेवेत वाढले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढच्या वर्षी ब्रेटन वुड्सच्या परिषदेला गेले. स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई नाही, पक्षात गट नाही. १९५२ मध्ये कुलाब्यातून ते लोकसभेवर निवडून आले, हाच काय तो जनाधार. नेहरूंनी त्यांना १९५० मध्ये प्रथम नियोजन मंडळावर घेतले. हे मंडळ मंत्रिमंडळाला समांतर सत्ताकेंद्र होईल, अशी तक्रार करून मथाई बाहेर पडले आणि त्यांच्या जागी आले ते त्याच मंडळाचे सदस्य असलेले देशमुख. मथाईंच्या तक्रारीचे मर्म त्यांना सहा वर्षांनी, वेगळ्या प्रश्नावर उमगले असे म्हणावयास हरकत नाही.

त्या सहा वर्षांतील त्यांचे काम मात्र टिकाऊ ठरले. गोरवाला समितीने, जिच्यावर धनंजयराव गाडगीळही होते, ग्रामीण पतपुरवठ्याची दैना १९५४ मध्ये मांडली. सावकाराच्या पाशातून शेतकरी सोडवायचा तर बँक खेड्याजवळ गेली पाहिजे, हा तिचा निष्कर्ष होता. त्यानुसार इम्पीरियल बँकेचे १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँकेत रूपांतर झाले आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घालण्यात आले. आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची तयारी तर कमालीच्या गुप्ततेने झाली. १५४ भारतीय व १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्यांचा कारभार वटहुकमाने ताब्यात घेतल्याचे देशमुखांनी १९ जानेवारी १९५६ रोजी आकाशवाणीवरून सांगितले. तीनच दिवसांपूर्वी, त्याच आकाशवाणीवरून, नेहरूंनी मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले होते. अर्थमंत्री विमाधारकांना निर्धास्त करीत होते तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार चालू होता. त्यांनी राजीनामा तेव्हाच देऊ केला. तो प्रत्यक्षात येण्यास जुलै उजाडला.

त्यांच्या अर्थकारणात उणिवा नव्हत्या असे नाही. दुसऱ्या योजनेतील १,२०० कोटी रुपयांच्या तुटीच्या अर्थभरण्याला त्यांची संमती होती. बी. आर. शेणॉय यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत दिलेला भाववाढीचा इशारा बाजूला पडला आणि १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईला त्यांच्या उत्तराधिकाऱ्याला तोंड द्यावे लागले. निकषांबाबत काटेकोर असलेल्या माणसाकडून येथे अधिक सावधगिरीची अपेक्षा होती.

पुढे विद्यापीठ अनुदान मंडळ, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद अशी मानाची कामे त्यांच्याकडे आली. सत्ता आली नाही. १९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभे केले, त्यात ते तिसरे आले. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र त्यांच्या हयातीतच पुन्हा उभा राहिला. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर स्वाक्षरी झाली आणि मंत्रिमंडळाची बैठक भरली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या बैठकीतून उठून कोणीही राजीनामा दिला नाही.