खाणावळीच्या हिशेबात न धरलेले हात

हॉटेल आणि खाणावळ या दोन शब्दांत मराठी माणूस जो भेद करतो, तो केवळ भपक्याचा नाही. हॉटेलात पदार्थ मिळतात, खाणावळीत जेवण मिळते. हॉटेलात आचारी पगारावर असतो, खाणावळीत रांधणारी बाई बहुधा घरचीच असते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या आणि २०२४ साली अहिल्यानगर हे नाव धारण केलेल्या आमच्या नगर जिल्ह्यात तर खाणावळीवाचून अनेकांचे चालतच नाही. अकोले किंवा जामखेडहून कचेरीच्या अथवा दवाखान्याच्या कामासाठी जिल्ह्याच्या गावी आलेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी परतू शकत नाही. पाथर्डी-कर्जतकडून शिकायला आलेली मुले वर्षानुवर्षे महिन्याच्या खाणावळीवर काढतात. म्हणूनच या लहानशा व्यवसायाचा हिशेब एकदा नीट मांडून पाहणे अगत्याचे आहे.

थंडीच्या दिवसांत अशा एखाद्या चार बाकांच्या खाणावळीत बसावे आणि शेंगोळी मागावीत. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ, लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून ते घट्ट मळायचे, त्याची बोटाएवढी वळी एकेक करून हाताने वळायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडून रस दाट होईपर्यंत शिजू द्यायची, अशी त्यांची कृती. सोबत तव्यावरून उतरलेली बाजरीची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. नगरच्या कोरडवाहू भागाची चव या एका ताटात साठवलेली आहे. जेवताना आत नजर टाकली की दिसते, मालक गल्ल्यावर आहे, त्याची पत्नी वळी वळते आहे, वृद्ध आई भाकऱ्या थापते आहे आणि कॉलेजातून आलेला मुलगा पाण्याचे तांबे भरतो आहे. ‘अजून अर्धी घ्या’ हा आग्रह येथे अद्याप ऐकू येतो.

आता अर्थशास्त्राच्या नजरेने या ताटाकडे पाहू. हुलगा हे गरिबाचे कडधान्य. त्यात सामग्रीचा खर्च थोडा आणि श्रम फार. याउलट पनीरच्या भाजीत सामग्री महाग, पण एकदा मसाल्याचा रस करून ठेवला की एकच नोकर दहा नावांच्या दहा भाज्या पाच-पाच मिनिटांत तयार करतो. साहजिकच, जेथे मजुरी रोख द्यावी लागते तेथे पनीर परवडते आणि शेंगोळी परवडत नाहीत. ज्या घरात वळणाऱ्या हातांना मजुरी द्यावी लागत नाही, तेथेच शेंगोळी स्वस्त मिळतात. फलकावरून हा पदार्थ पुसला जातो, तेव्हा आपण लोकांची रुची बदलल्याचा निष्कर्ष काढतो. वस्तुतः पुष्कळदा रुची तीच असते, वळणारे हात तेवढे उरलेले नसतात.

रशियन कृषि-अर्थशास्त्रज्ञ चायानोव्ह यांनी शेतकरी कुटुंबाविषयी १९२५ सालच्या आपल्या ग्रंथात जे विवेचन केले, ते येथे तंतोतंत लागू पडते. कौटुंबिक उत्पादनसंस्था स्वतःच्या श्रमाची मजुरी खर्चात धरीत नाही. म्हणून भांडवलदारी संस्था ज्या भावात बुडेल त्या भावातही ती तग धरते. पण हा तग धरण्याचा गुण म्हणजे स्वतःचेच शोषण असते. खाणावळीच्या संदर्भात ‘स्वतःचे’ या शब्दाचाही खुलासा करावा लागतो, कारण शोषण बहुतांशी पत्नीचे, आईचे आणि सुनेचे होते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला घरकामात घालवतात, तर ते करणारे पुरुष ८८ मिनिटे. खाणावळवाल्याच्या घरी तर घरची चूल आणि धंद्याची चूल यांत भिंतच नसते. तेथे कोणते मिनिट कोणत्या खात्यावर लिहायचे?

ही अडचण आपल्यापुरतीच नाही. जपानमध्ये रामेन नावाचा, रसातल्या शेवयांचा पदार्थ लहान लहान कौटुंबिक दुकानांतून मिळतो. रस तासन् तास उकळावा लागतो, मालक पहाटेपासून राबतो. परंतु एका वाडग्याला हजार येनपेक्षा अधिक द्यायला गिऱ्हाईक नाखूश असते. तेथील व्यवसायात याला ‘हजार येनची भिंत’ म्हणतात. पीठ, मांस, इंधन सारे महागले तरी ही भिंत सहजी हलत नाही, आणि लहान दुकाने मिटतात. साधे जेवण स्वस्तच असले पाहिजे, ही समजूत देशोदेशी सारखीच आहे.

ज्या जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, ज्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांसोबत धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ होता, त्या जिल्ह्याला घामाच्या दामाची महती नव्याने सांगण्याची गरज नाही. शेतमालाच्या हमीभावासाठी उत्पादनखर्च काढताना रोख खर्चात कुटुंबाच्या श्रमाचे मूल्य मिळवले जाते. २०१८-१९ पासून त्या बेरजेच्या किमान दीडपट भाव हे केंद्राचे जाहीर धोरण आहे. ही पद्धत पुरेशी आहे की नाही याविषयी वाद आहेत. पण शेतात राबणाऱ्या घरच्या हातांना मोल आहे, हे तत्त्व निदान मान्य झाले. तोच हुलगा शेतातून स्वयंपाकघरात आला की त्याला वळणारे हात मात्र फुकटचे ठरतात. या विसंगतीचे समर्थन कसे करावे?

यावर आक्षेप असा येईल की, खाणावळीने ही मजुरी धरून दर वाढवले तर विद्यार्थ्याने आणि हमालाने जेवावे कोठे? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर शासनानेच एकदा दिलेले आहे. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन योजना सुरू झाली तेव्हा थाळीचा खर्च शहरात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला गेला. जेवणाऱ्याकडून १० रुपये घ्यायचे आणि उरलेले तिजोरीतून द्यायचे, असे ठरले. योजनेच्या अंमलबजावणीविषयी कोणाचे काहीही मत असो, तिच्यातील हिशेब प्रामाणिक होता. गरिबाला स्वस्त अन्न द्यायचे तर ते अनुदान उघडपणे समाजाने सोसावे. पगारदार माणसाच्याही जेवणाचे अनुदान एखाद्या सुनेच्या मनगटातून वसूल करणे हा न्याय नव्हे.

हे मनगट दिसू लागले की काय घडते, याचा दाखला मुंबईच्या गिरणगावात आहे. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या आणि उधारीच्या कचाट्यात होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. कर्ज बाईच्या नावावर निघाले, म्हणजेच तिचे रांधणे हा व्यवसाय आहे हे बँकेने मान्य केले. ‘घरी बसून चार माणसांना जेवण घालते’ म्हणून जिची ओळख होती, ती उद्योजक ठरली.

तेव्हा पहिली सुधारणा घरातच व्हावयास हवी. खाणावळीच्या वहीत किराणा, गॅस, भाडे यांच्याखाली ‘घरची मजुरी’ हा एक रकाना असावा आणि ती रक्कम रांधणारीच्या खात्यात जमा व्हावी. परवान्यावर आणि कर्जाच्या कागदावर तिचे नाव असावे. ज्यांची ऐपत आहे त्या गिऱ्हाइकांनीही शेंगोळ्यांचा दर पनीरपेक्षा अधिक दिसला तर भुवया उंचावू नयेत.

खाणावळवाल्याची मुलगी शिकून नोकरीला लागली आणि चुलीपाशी परतली नाही, तर त्यात हळहळण्यासारखे काहीच नाही. ती स्वयंपाकघर सोडून गेली म्हणून जुनी चव गेली, अशी तक्रार आपण करतो. त्याआधी, ती थांबावी एवढा मोबदला त्या चवीला आपण कधी दिला होता काय, हा प्रश्न प्रत्येक जेवणाऱ्याने स्वतःस विचारणे उचित होईल.