४९० मायक्रॉन

भाचीचं लग्न ठरलं आणि घरात पहिला ठराव पास झाला तो हॉलचा नव्हे, लेसरने तिचा चष्मा घालवण्याचा. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे सात. ‘अगं, दहा मिनिटांचं काम असतं,’ असं जिने छातीठोकपणे सांगितलं, त्या मावशीला जन्मात चष्मा लागलेला नाही. सोबत जायचं काम मामाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

पहिली फेरी फुकट गेली. ‘कॉन्टॅक्ट लेन्स कधी काढल्या?’ या प्रश्नाला तिने ‘काल रात्री’ असं उत्तर दिलं आणि डॉक्टरांनी आम्हाला परत पाठवलं. लेन्सच्या दाबाने बुबुळाचा आकार बदलतो, मग मोजमापं खोटी येतात. मऊ लेन्स निदान एक-दोन आठवडे, कडक लेन्स त्याहून जास्त दिवस बंद ठेवून मगच तपासणीला जायचं असतं.

दुसऱ्या फेरीत खालच्या पापणीत टीपकागदाची बारीक पट्टी अडकवून तिला पाच मिनिटं बसवलं. पट्टी दहा-पंधरा मिलिमीटर भिजली तर डोळ्यात पाणी पुरेसं. पाचच्या आत राहिली तर डोळा फारच कोरडा. हिची सात. दिवसभर एसीत बसून स्क्रीनकडे टक लावल्याचं फळ. लेसरमध्ये बुबुळाच्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे काही महिने अश्रू आणखी कमी होतात. म्हणून आधीच कोरड्या असलेल्या डोळ्यावर पहिले उपचार कोरडेपणाचे.

मग आला बुबुळाचा रंगीत नकाशा. मला ही तपासणी सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण खरा निकाल इथे लागतो. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची काचेसारखी चकती, सरासरी ५४० मायक्रॉन जाडीची असते. मिलिमीटरच्या अर्ध्याहून थोडी जास्त. लेसर तिला तासून तिचा आकार बदलतो. तासलेलं पुन्हा भरून येत नाही. भाचीची जाडी भरली ४९०. डॉक्टरांनी कागदाच्या मागे हिशोब मांडला: लॅसिकमध्ये, म्हणजे लेसरच्या नेहमीच्या पद्धतीत, वरचा पापुद्रा उचलतात तो ११० चा, एका नंबरला साधारण १४ याप्रमाणे सात नंबरांचे ९८, उरले २८२. अडीचशेच्या खाली तर जायचंच नाही. बरेच डॉक्टर तीनशे उरल्याशिवाय हात लावत नाहीत. त्यातून नकाशात खालच्या बाजूला लाल फुगवटा दिसत होता. ‘डोळे चोळतेस का?’ लहानपणापासून चोळते. अशा कॉर्नियाला पुढे शंकूसारखा फुगार येऊ शकतो, त्याला केराटोकोनस म्हणतात. त्यावर लेसर चालवणं म्हणजे कमकुवत भिंतीच्या विटा काढणं. डॉक्टर सरळ ‘नाही’ म्हणाले.

बहीण, म्हणजे तिची आई, हिरमुसली. गाडीत बसताच ‘दुसरीकडे दाखवू या’ सुरू झालं. दुसरं मत जरूर घ्यावं, पण ‘हो’ मिळेपर्यंत दारं ठोठावू नयेत. नंबर जास्त आणि कॉर्निया पातळ असेल, तर डोळ्याच्या आत लेन्स बसवण्याचा पर्याय असतो. त्याच्या तपासण्या वेगळ्या.

गंमत म्हणजे, डोळ्यांच्या या लेसरचं मूळ एका सणाच्या पंगतीत आहे. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ साली थँक्सगिव्हिंगच्या जेवणातली उरलेली टर्की आयबीएमच्या प्रयोगशाळेत नेली आणि एक्सायमर लेसरने तिच्यावर स्वच्छ रेघा कोरल्या. आजूबाजूला जळल्याची खूण नाही.

ज्यांचा हिशोब जमतो, त्यांनीही थोडं थांबावं. वय अठराच्या पुढे हवं आणि नंबर निदान वर्षभर हललेला नसावा. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर बदलतो, तेव्हा नको. कबड्डी किंवा कुस्ती खेळत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण लॅसिकचा पापुद्रा पूर्वीइतका घट्ट कधीच बसत नाही. तिथे पापुद्रा न उचलता होणारं पीआरके बरं. मुलगा रेल्वेच्या किंवा सैन्याच्या भरतीची तयारी करत असेल, तर जाहिरातीतल्या वैद्यकीय अटी आधी वाचा. काही पदांना लेसर झालेला उमेदवार चालत नाही. आरोग्यविम्यात साडेसातच्या आतल्या नंबरचा खर्च सहसा मिळत नाही. रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांभोवती कडं दिसू शकतं. आणि नंबर गेला तरी डोळा मायनसवाल्याचाच राहतो: लांबट, मागचा पडदा ताणलेला. त्याची तपासणी दरवर्षी चालूच ठेवायची.

चाळिशीही चुकत नाही. उलट, मायनसवाले चष्मा काढून पेपर वाचतात ती सोय लेसरने जाते.

माझ्या एका मित्राने २००२ साली लेसर करून घेतलं. आता मोतीबिंदू निघाला, तर डॉक्टर जुनी मापं मागताहेत. तासलेल्या बुबुळावर आतल्या लेन्सचा नेहमीचा हिशोब चुकतो, डोळ्याचा दाबही खऱ्यापेक्षा कमी दिसतो. फाइल मात्र घर बदलताना रद्दीत गेली. तुम्ही लेसर करून घेतलंत, तर आधीच्या तपासण्यांचे कागद मागून घ्या आणि त्यांचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलवर ठेवा.