दांडा हातात, कान इंजिनकडे!

मुलांनो, लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणाऱ्या एसटीत ड्रायव्हरकाकांच्या मागच्या बाकावर बसलात, तर त्यांच्या डाव्या हाताकडे बघत राहा. चढ आला की डावा पाय क्लचवर, हात गिअरच्या दांड्यावर. इंजिनाचा आवाज बदलतो नि गाडी मुकाट्यानं चढू लागते!

असा दांडा एके काळी श्रीमंतांच्या ऐटबाज मोटारींनाही असायचा बरं का. त्या जुन्या मोटारी जपणारे शौकीन अजून त्याच्यावर जीव टाकतात. कशासाठी?

आधी सायकल बघू. समजा, पायडलच्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्या चाकाच्या चक्राला २२. पायडल एकदा फिरवलं की चाक दोनदा फिरेल. वेग मिळाला, पण चढावर मांड्या भरून येणार! मोटारीच्या पहिल्या गिअरमध्ये याच्या उलट असतं. इंजिन तीन-चार वेळा फिरतं, तेव्हा गिअरबॉक्समधून निघणारा दांडा कुठं एकदा फिरतो. वेग कमी, पण जोर तिप्पट-चौपट.

मुंबईला कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आठवते का, घरी आजोबांना विचारा. पैसे भरून लोक वर्षानुवर्षं नंबरची वाट बघायचे. तिचा गिअरदांडा चक्क स्टिअरिंगच्या खांबाला होता, त्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिघं बसायचे. (आमच्याकडं चौघंही!) मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. त्याआधी १९९५मध्ये पुण्यात मर्सिडीज तयार होऊ लागली. एवढी महागडी गाडी, पण तिथंही हातानं टाकायचे गिअर होतेच.

आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारी तेव्हाही जगात होत्या. पण त्यांच्यात इंजिनाचा जोर तेलातून पुढं जायचा, थोडा वाटेतच मुरायचा. गिअरही जरा रेंगाळत पडायचा. वजनदार गाडीत ते लगेच जाणवतं. हाताच्या गिअरमध्ये मात्र चालक म्हणेल तेव्हा, म्हणेल तोच गिअर! आता संगणक माणसापेक्षा झटकन गिअर बदलतो, हे खरंच. पण पुढं चढ आहे हे डोळ्यांनी बघून आधीच गिअर उतरवण्यातली गंमत वेगळी, असं मला वाटतं.

घाटात तर ही गंमत राहत नाही, जिवाशी गाठ असते. जुने चालक सांगतात, "ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर." उतारावर सारखा ब्रेक दाबला तर तो तापतो आणि धरेनासा होतो. खालच्या गिअरमध्ये चाकांना अख्खं इंजिन फिरवावं लागतं, म्हणून इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं. आजच्या पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्यांतसुद्धा खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते, ती याच कामासाठी.