पैजेतले वेताळ

२० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सयानी गेले. त्या संध्याकाळी दुधनीहून माझ्या बालमित्राचा फोन आला. ‘‘काय बे, एकेक साक्षीदार चालले. आता तरी कबूल कर की!’’ एवढंच म्हणाला आणि हसला. मीही हसलो, पण रात्री झोप काही लागली नाही.

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातलं, सोलापूर-वाडी लोहमार्गावरचं बाजाराचं गाव. थोडं पुढं गेलं की कर्नाटक. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत पलीकडचा गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेला आणि आम्ही मुंबई राज्यात राहिलो. नकाशावर रेघ पडली खरी, पण बाजारात तुरीचा भाव एका भाषेत सांगायचा आणि घासाघीस दुसऱ्या भाषेत करायची, हे तसंच चालू राहिलं. आमच्या घरी मराठी, त्याच्या घरी कन्नड. शाळाही वेगवेगळ्या. आमची गाठ पडायची ती एका अडत दुकानात. तिथं त्याचे वडील दिवाणजी होते, आणि तिथं रेडिओ होता.

बुधवारी रात्री आठ वाजता सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’. १९५२ पासून चाललेला हा कार्यक्रम आम्ही तुरीच्या पोत्यांवर बसून ऐकायचो. शॉर्टवेव्हचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा, आणि नेमकं वरच्या पायदानचं गाणं जाहीर होताना खरखर सुरू व्हायची. मग हमालांपैकी कुणीतरी उठून एरियलची तार हातात धरून उभा राहायचा. १९७५ साली सगळीकडं ‘शोले’चा गवगवा, पण वर्षाचं पहिलं गाणं ठरलं ‘रोटी कपडा और मकान’मधलं महागाईचं. आम्ही दोघं चिडलो. हमाल मात्र म्हणाले, निकाल एकदम बरोबर आहे.

वाद तर रोजचेच. मला दादा कोंडके, त्याला राजकुमार. ‘सोंगाड्या’ मी दोनदा पाहिला होता आणि त्या बळावर जगातल्या सगळ्या नटांवर बोलायचो. राजकुमार १९७४ च्या ‘संपत्तिगे सवाल’पासून स्वतःची गाणी स्वतःच गाऊ लागले, तेव्हा मी जाहीर केलं की नायकानं गाऊ नये, त्यासाठी माणसं असतात. (अजूनही माझं तेच मत आहे. फक्त दुधनीत बोलत नाही.)

एकदा तो सहज म्हणाला, ‘‘तुमच्या लताबाई आमच्या कन्नडमध्ये गायल्यात.’’ माझ्या अंगाला झोंबलं. ‘‘शक्यच नाही!’’ त्याच्या मामानं गुलबर्ग्याला ‘क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा’ हा १९६७ चा चित्रपट पाहिला होता, त्यात त्यांचं गाणं होतं म्हणे. मी पैज लावली. तो हरला तर त्याची लाकडी बॅट माझी, मी हरलो तर माझे इंद्रजाल कॉमिक्सचे बावीस अंक त्याचे.

या अंकांचं मोल त्याला माझ्याहून जास्त होतं. वडील सोलापूरला गेले की स्टेशनवरच्या स्टॉलवरून माझ्यासाठी एक वेताळ किंवा मँड्रेक आणायचे. मी तासाभरात वाचून टाकायचो, तो मात्र आठवडाभर ठेवून घ्यायचा. आधी चित्रं बघायचा, मग एकेका फुग्यातलं मराठी जुळवत बसायचा. कवटीची गुहा, अंगठीचा ठसा, मुखवटा, हे शब्द तो तिथंच शिकला. बाजारातलं मराठी त्याला येत होतं, पण सलग वाचायला त्याला वेताळानं शिकवलं.

पैजेचा निकाल लावणार कोण? विचारायला जागा नव्हती, पुस्तक नव्हतं. गाणं रेडिओवर लागेल तेव्हा ऐकायचं, एवढाच मार्ग. काही महिने गेले. एका दुपारी तो धावत आला आणि मला ओढत दुकानात घेऊन गेला. कन्नड केंद्र लागलेलं, गाणं अर्ध्यावर आलेलं. पहिलीच तान कानावर पडली आणि मी ओळखलं. घरोघरी सकाळ ज्या आवाजानं उजाडायची, तो आवाज चुकेल कसा? निवेदकानं नाव आधीच सांगितलं होतं, असं तो म्हणत होता, पण ते मी ऐकलं नव्हतं. तेवढी फट मला पुरली. म्हणालो, ‘‘ही लता नव्हेच. ही सुमन कल्याणपूर.’’ त्या दोघींच्या आवाजात भलेभले फसतात, हे मी कुठंतरी ऐकून होतो.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘असेल.’’

बावीस अंक माझ्याकडंच राहिले. त्यानंतर त्यानं कधी वेताळ वाचायला मागितला नाही. पुढं वडिलांची बदली झाली, सामान आवरताना अंक रद्दीत गेले. १९९० साली इंद्रजालच बंद पडलं.

अमीन सयानी गेल्यानंतरच्या महिन्यात मी दुधनीला गेलो. जुन्या पुस्तकांच्या बाजारात बराच फिरून एक इंद्रजाल मिळवलं होतं, चांगले पैसे मोजून. वहिनींनी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही वाढलं. जेवण झाल्यावर म्हणालो, ‘‘ती लताच होती. मला तेव्हाच कळलं होतं.’’

‘‘मलापण कळलं होतं की,’’ तो म्हणाला, ‘‘तुझे कान लाल झालेले.’’

‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘तू रडला असतास बे.’’

मी पिशवीतून अंक काढून दिला. त्यानं चष्मा लावला, मुखपृष्ठावरून हात फिरवला, पान उलटलं, आणखी एक उलटलं. मग अंक परत माझ्या हातात ठेवला.

‘‘हा हिंदीतला आहे. आपलं मराठीतलं ठरलं होतं. आणि बावीस.’’