नेमक्या जागी उभा असलेला माणूस

जुलै २०११. उत्तर इटलीतील त्रेंतो हे डोंगरांच्या कुशीतले शहर. बायर्न म्युनिक या विख्यात जर्मन फुटबॉल क्लबच्या दुसऱ्या फळीतील तरुण खेळाडूंचे सराव शिबिर त्या भागात भरले होते. संघासोबत आलेले पासष्ट वर्षांचे एक प्रशिक्षक हॉटेलमधून बाहेर पडले आणि परतलेच नाहीत. शोधाशोध झाली, पोलिसांना कळवण्यात आले. सुमारे पंधरा तासांनंतर ते त्याच शहरात भटकत असलेले सापडले. आपण कोठे आहोत याचे त्यांना नीट भान नव्हते.

त्यांचे नाव गेर्ड म्युलर. ज्यांनी एकेकाळी जागतिक फुटबॉल पाहिला, त्यांना ही घटना वाचून चटका लागल्याशिवाय राहणार नाही. कारण आपण कोठे आहोत, चेंडू कोठे पडणार आहे आणि गोलजाळे पाठीमागे नेमके किती अंतरावर आहे, हे मान न वळवता जाणणारा त्यांच्यासारखा खेळाडू विरळाच.

७ जुलै १९७४ चा विश्वचषकाचा अंतिम सामना आठवावा. म्युनिक शहरात पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्स समोरासमोर होते. १–१ अशी बरोबरी, आणि मध्यंतराला दोनच मिनिटे उरलेली. उजव्या बाजूने बोनहोफने चेंडू आत दिला. तो म्युलर यांच्या पायाला लागून किंचित मागे राहिला. दुसरा कोणी असता तर संधी हुकली म्हणून हळहळला असता. म्युलर यांनी एक पाऊल मागे घेतले, जागच्या जागी वळून उजव्या पायाने चेंडू हलकेच ढकलला आणि तो जमिनीलगत सरपटत जाळ्यात गेला. त्या फटक्यात जोर नव्हता, देखणेपणही नव्हते. डच गोलरक्षक जागेवरून हललासुद्धा नाही. त्याच गोलावर पश्चिम जर्मनी विश्वविजेता ठरला.

स्ट्रायकर, म्हणजे आघाडीवर राहून गोल करणे हेच ज्याचे मुख्य काम असा खेळाडू, दिसायला बहुधा उंच आणि चपळ असतो. म्युलर तसे नव्हते. बुटकेसे शरीर, आखूड पाय, भरदार मांड्या. ३ नोव्हेंबर १९४५ रोजी बव्हेरियातील नोर्डलिंगेन या तटबंदीच्या गावात त्यांचा जन्म झाला. किशोरवयातच शाळा सोडून त्यांनी विणकराचे काम शिकायला घेतले. १९६४ मध्ये ते बायर्नकडे आले तेव्हा तो क्लब दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. प्रशिक्षक चायकोव्स्की यांना हा मुलगा फुटबॉलपटूपेक्षा वजन उचलणारा पहिलवान वाटला. ‘छोटा जाडा म्युलर’ हे नाव त्यांनीच ठेवले. ते थट्टेने दिलेले नाव पुढे प्रेमाचे झाले, कारण त्या आखूड पायांमुळेच शरीराचा तोल खाली राहत असे आणि अत्यंत अपुऱ्या जागेत वळणे त्यांना साधत असे.

आकडे तेवढे सांगून पुढे जाऊ. बुंडेसलिगा या जर्मनीच्या अव्वल साखळी स्पर्धेत ४२७ सामन्यांत ३६५ गोल. देशासाठी ६२ सामन्यांत ६८. १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात १० गोल, आणि त्याच वर्षी युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान. १९७२ या एका वर्षात ८५ गोल, हा उच्चांक मेसीने मोडेपर्यंत चाळीस वर्षे गेली. म्युलर यांच्या गोलांशिवाय आपला क्लब आजही जुन्या लाकडी खोपटातच राहिला असता, असे त्यांचे सहकारी फ्रान्झ बेकेनबाऊर सांगत. गोल कसा करता, असे विचारले की म्युलर यांना उत्तर देता येत नसे. विचार करत बसलो तर उशीर होतो, एवढेच ते म्हणत.

या उत्तरात नम्रता होती, तसेच मेंदूच्या कार्यपद्धतीचे एक सत्यही होते. हजारो वेळा केलेली हालचाल आपण शब्दांत आठवत नाही. ती मेंदूच्या खोलवरच्या, वेगळ्या यंत्रणेत साठते. सायकल, शिलाई यंत्र, तबल्यावरचा ठेका, पोळी लाटणे ही सारी त्याच जातीची स्मृती. तिच्याकडे या लेखात पुढे पुन्हा यायचे आहे.

विश्वचषक जिंकला त्याच रात्री, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, म्युलर यांनी राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली. क्लबसाठी ते आणखी काही वर्षे खेळले. फेब्रुवारी १९७९ मध्ये फ्रँकफुर्टमधील सामना चालू असतानाच नव्या प्रशिक्षकाने त्यांना मैदानाबाहेर बोलावले. हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. काही दिवसांतच ते बायर्न सोडून अमेरिकेत, फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेलच्या संघाकडे गेले. तेथे तीन मोसम खेळल्यावर खेळ थांबला. त्यांनी भागीदारीत एक रेस्टॉरंट चालवले. गिऱ्हाईक त्यांना ओळखे, टेबलाशी बसवून घेई आणि पेला पुढे करी.

आपल्या वाचकांपैकी अनेकांनी निवृत्तीचा तो पहिला सोमवार अनुभवला असेल. घड्याळ तेच असते, पण त्याला आपल्याकडून काही नको असते. अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी जे रिकामपण अंगावर येते, ते खेळाडूच्या वाट्याला पस्तिशी-छत्तिशीतच येते आणि पुढे उभे आयुष्य पडलेले असते. म्युलर यांना खेळाखेरीज दुसरे काही येत नव्हते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ते म्युनिकला परतले तोपर्यंत मद्याने त्यांना पुरते विळखा घातला होता. प्रकृती ढासळली, संसार मोडण्याच्या बेतास आला.

१९९१ मध्ये त्यांचे जुने सहकारी आणि तेव्हाचे बायर्नचे व्यवस्थापक उली होनेस पुढे आले. त्यांनी म्युलर यांना व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी दाखल होण्यास राजी केले. उपचार झाले. येथवर अशा अनेक कथा येतात आणि बहुतेक येथेच फिस्कटतात, कारण रुग्णालयातून परतलेला माणूस पुन्हा त्याच रिकाम्या दिवसात येऊन पडतो. क्लबने तसे होऊ दिले नाही. १९९२ पासून त्यांना नोकरी दिली: तरुण मुलांना शिकवायचे, आघाडीच्या खेळाडूंकडून सराव करून घ्यायचा. तो नुसता मानाचा पाट नव्हता. रोज ठरल्या वेळी मैदानावर हजर राहायचे होते. लाम, श्वाइनस्टायगर, थॉमस म्युलर असे पुढे विश्वविजेते झालेले खेळाडू तरुणपणी ज्या दुसऱ्या संघात घडले, त्याच संघाचे ते सहाय्यक प्रशिक्षक होते. त्यानंतरची वीसहून अधिक वर्षे त्यांनी या कामात घालवली.

ज्येष्ठांच्या मद्यपानाबद्दल आपल्याकडे घराबाहेर बोलले जात नाही, म्हणून येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाची बाटली घरच्यांनी रागाच्या भरात एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम, झटके येऊ शकतात आणि त्यातून प्राणावरही बेतू शकते. दारू सोडवायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आता पुन्हा त्रेंतोकडे वळू. ऑक्टोबर २०१५ मध्ये, म्युलर यांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या काही आठवडे आधी, त्यांना अल्झायमर झाल्याचे क्लबने जाहीर केले. ज्या डॉक्टरांच्या नावाने हा आजार ओळखला जातो ते अलोइस अल्झायमर हेही बव्हेरियाचे, आणि या शतकाहून जुन्या शोधाचे बरेचसे काम त्यांनी म्युनिकमध्येच केले होते.

त्रेंतोतील ती भटकंती याच आजाराची चाहूल होती काय, याचा निवाडा दुरून करणे योग्य नाही. परंतु एवढे निश्चित माहीत आहे की अल्झायमर आपला पहिला घाव अनेकदा मेंदूच्या त्याच भागांवर घालतो, जे आपल्याला ‘आपण कोठे आहोत’ हे सांगतात. तेथील पेशी जणू मनातल्या मनात नकाशा काढत असतात. त्यांच्या शोधासाठी २०१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल दिले गेले. म्हणूनच नावे विसरण्याबरोबरच ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणे हेही लवकरचे लक्षण असू शकते. घरात सवयीने सारे निभावते. परगावी, लग्नघरी, मुलाच्या नव्या सदनिकेत गेल्यावर रात्री उठलेल्या आजोबांना स्नानगृह सापडत नाही, आणि आपण ‘जागा बदलली म्हणून’ असे म्हणून विषय सोडून देतो. एकदा असे झाले म्हणजे आजार आहे असे नव्हे. पुन्हा झाले, तर मात्र स्मृतिविकारतज्ज्ञांना दाखवण्यास विलंब करू नये.

अशी व्यक्ती घरात असेल तर तिच्या खिशात किंवा मनगटावर नाव आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक असावा. अलीकडचे, स्पष्ट छायाचित्र हाताशी ठेवावे. त्या दिवशी अंगावर कोणत्या रंगाचे कपडे आहेत, हे सकाळी पाहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. व्यक्ती दिसेनाशी झाली तर आधी घर, जिना, गच्ची, आसपासच्या गल्ल्या पाहाव्यात. मात्र पोलिसांना कळवण्यासाठी रात्र उलटण्याची वाट पाहू नये. निवृत्त शिक्षक शाळेच्या वाटेवर आणि गिरणी कामगार पाळीच्या वेळी निघालेला आढळतो, तेव्हा जुने कामाचे ठिकाण आणि जुने राहते घर हेही शोधाच्या यादीत असावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तिची नोंद करून ठेवावी.

चेंडू डोक्याने मारल्यामुळे हा आजार होतो का, असे नातवंडांना फुटबॉलच्या वर्गात घालणारे आजी-आजोबा विचारतात. स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची पाहणी ग्लासगोच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूचा धोका त्यांच्यात इतरांच्या सुमारे साडेतीनपट निघाला. हा आकडा भीतिदायक वाटतो. प्रत्यक्षात हे प्रमाण खेळाडूंमध्ये १.७ टक्के आणि इतरांमध्ये ०.५ टक्के होते. सत्तरीपर्यंत हृदयविकाराने होणारे मृत्यू तर खेळाडूंमध्ये कमीच होते. पुढील विश्लेषणात चेंडू सर्वाधिक डोक्यावर घेणाऱ्या बचावपटूंना धोका सर्वांत जास्त आणि गोलरक्षकांना जवळजवळ नाही, असे दिसले. इंग्लंडमध्ये प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून डोक्याने चेंडू मारणे २०२० मध्ये वगळण्यात आले. अतिमद्यपान हाही स्मृतिभ्रंशाचा एक मान्य धोका आहे. म्युलर यांच्या बाबतीत यांतील कशाचा किती वाटा होता, हे ठरवण्याचा मोह आवरावा. कारण शोधण्याच्या नादात घरोघरी किती दोषारोप होतात, हे शुश्रूषा करणाऱ्यांना ठाऊक आहे.

निदानानंतरही काही काळ रुग्णाजवळ बरेच काही शिल्लक असते. मघाशी ज्या स्मृतीचा उल्लेख केला ती हातापायांची स्मृती बहुधा पुष्कळ उशिरापर्यंत टिकते. आदल्या रात्रीचे जेवण न आठवणाऱ्या आजी भाजी निवडतात, वाती वळतात. आजोबा पेटीवर बोटे ठेवली की सूर धरतात. काम सफाईने होते की नाही, हे पाहू नये. म्युलर जवळजवळ सत्तरीपर्यंत मैदानावर जात राहिले, यामागे क्लबची माया होती तशी ही समजही असावी असे मला वाटते.

अखेरची काही वर्षे ते शुश्रूषागृहात होते. चोपन्न वर्षांच्या संसारातील त्यांची पत्नी रोज त्यांच्याकडे जात असे. आपल्याकडे अजूनही माणसाला अशा ठिकाणी ठेवणे म्हणजे त्याला टाकणे, असे बोलले जाते. त्या बोलणाऱ्यांनी रोजच्या त्या फेऱ्यांकडे पाहावे. अंग उचलणे, कूस बदलणे, रात्रीची जाग हे कष्ट दुसऱ्यांच्या हाती सोपवल्यावर त्या बाईंकडे पतीजवळ नुसते बसण्याएवढे बळ उरत असावे. २०२० मध्ये, ते पंचाहत्तर वर्षांचे झाले त्या सुमारास, त्यांनी वृत्तपत्राला सांगितले की ते दिवसातला बहुतेक काळ झोपेत असतात, अन्न जेमतेम गिळता येते; कधी डोळे किंचित उघडतात, आणि एखादे वेळी पापणीच्या हालचालीने हो किंवा नाही कळवतात.

गिळणे मंदावणे हा या आजाराच्या शेवटच्या टप्प्याचा भाग असतो. नळीने अन्न दिल्यास आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो, असे प्रगत स्मृतिभ्रंशात आढळलेले नाही. रुग्णाला ताठ बसवून, मऊ घोटलेला घास लहान चमच्याने, तो गिळला गेल्याची खात्री करत भरवणे हेच बहुधा श्रेयस्कर ठरते. खाल्ले नाही तर उपाशी ठेवल्याचा दोष स्वतःकडे घेऊ नये. भूक मंदावणे हा त्या टप्प्यावर आजाराचाच भाग असतो.

मे २०२१ मध्ये बायर्नच्या रॉबर्ट लेवांडोव्स्कीने एका मोसमात ४० गोल करून म्युलर यांच्या जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीच्या विक्रमाशी बरोबरी केली. गोल होताच त्याने अंगावरचा सदरा वर उचलला. आतल्या बनियनवर म्युलर यांचे चित्र होते आणि ‘कायम गेर्ड’ अशा अर्थाची अक्षरे होती. पुढच्या आठवड्यात, मोसमातील शेवटच्या सामन्याच्या अगदी शेवटच्या क्षणी त्याने एक्केचाळिसावा गोल केला. चेंडू गोलरक्षकाच्या हातून सुटून आला होता आणि लेवांडोव्स्की तेथेच, नेमक्या जागी उभा होता. म्युलर तेव्हा हयात होते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी, रविवारी, ते गेले.